पंचाहत्तर रुपयांची शाळा: न्यू इंग्लिश स्कूल, पुणे (१८८०–१८९०)

१८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाली, तेव्हा तिच्यामागे ना सरकार होते, ना मिशन, ना एखादा धनाढ्य आश्रयदाता. वसतिगृह नव्हते. मुलगे सकाळी घरून किंवा खोलीवरून यायचे, दिवसभर शिकायचे आणि परत जायचे. उद्देश एकच आणि मोजता येण्याजोगा होता: मुलाला मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेतून पार करायचे, म्हणजे त्याला कॉलेजचा दरवाजा उघडतो. पहिल्या वर्षअखेरीस पटावर ३३६ मुले होती. पाच वर्षांत आकडा १००९ वर गेला. त्याच पाच वर्षांत शाळेच्या पोटातून डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि फर्ग्युसन कॉलेज निघाले. आणि दहा वर्षे उलटली न उलटली तोच पहिल्या दिवसापासून असलेल्या बाळ गंगाधर टिळकांनी राजीनामा दिला.

ही कथा बहुतेक वेळा ‘टिळक विरुद्ध आगरकर’ अशी सांगितली जाते: आधी राजकीय सुधारणा की आधी सामाजिक. तो वाद खराच होता आणि कडवटही होता. पण संस्था मोडण्याच्या बेताला आली ती त्या वादामुळे, असे मानले तर पुढचे काहीच नीट समजत नाही. सुधारणेबद्दल टोकाचे मतभेद असलेली माणसे एका शिक्षकखोलीत वर्षानुवर्षे बसू शकतात, पुण्यात तर नक्कीच. शाळा ज्या आर्थिक तत्त्वावर चालत होती, त्यातच एक फट होती. ती कुठे होती हे पाहायचे तर शाळेचा हिशेब आधी पाहावा लागतो.

भांडवल: माणसे

विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शिक्षण खात्यात शिक्षक होते. त्यांचे ‘निबंधमाला’ हे मासिक १८७४ पासून चालू होते आणि तिच्यातला सूर सरकारी नोकरीला मानवणारा नव्हता. रत्नागिरीच्या हायस्कुलातली जागा सोडून १८७९ मध्ये ते पुण्यात परतले. त्याच सुमारास डेक्कन कॉलेजातून बाहेर पडलेले दोन तरुण, टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर, सरकारी नोकरी करायची नाही आणि खासगी शाळा काढायची असा विचार करत होते. तिघांची गाठ पडली. टिळकांकडे गणितातली पहिल्या वर्गाची बी.ए. आणि एलएल.बी. होती. आगरकर एम.ए. आटोपून १८८१ च्या सुरुवातीला रुजू झाले. दरम्यान महादेव बल्लाळ नामजोशी आले आणि १८८० सालातच वामन शिवराम आपटे.

या पाच जणांत श्रम कसे वाटले गेले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. चिपळूणकरांचे नाव हीच शाळेची जाहिरात होती. मुलाला या शाळेत घालणारा बाप बहुतेक वेळा ‘मालाकारां’च्या शाळेत घालत होता. आपटे, संस्कृतचे एम.ए., शाळेचे सुपरिंटेंडेंट झाले. वेळापत्रक, शिस्त, परीक्षा हे सगळे त्यांच्याकडे. टिळक गणित आणि संस्कृत शिकवत. फळ्याकडे न वळता उदाहरण तोंडी सोडवत जाण्याची त्यांची सवय हुशार मुलांना रुचायची, बाकीच्यांची त्रेधा उडायची. नामजोशींकडे पदवी नव्हती, पण माणसे जोडण्याची आणि पैसा उभा करण्याची हातोटी होती. पदवीधरांनी भरलेल्या संस्थेत पदवी नसलेला एक खटपट्या माणूस लागतोच. नामजोशींशिवाय पुढचे कॉलेज उभे राहिले नसते, असे म्हणायला जागा आहे.

जागा बुधवार पेठेतल्या मोरोबादादांच्या वाड्याची. पेशवाईनंतर पुण्यातले मोठे वाडे निम्मे रिकामे पडले होते आणि खासगी शाळेला तेच परवडत. मात्र वाडा शाळेसाठी बांधलेला नसतो: दिवाणखाना एका वर्गाला पुरतो, बाकीच्या खोल्या लहान आणि काळोख्या. पट वाढला की दुसरा वाडा शोधावा लागतो. ही शाळा तशीच बुधवारातून शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यात गेली.

मुलगा नेमके काय शिकायचा

मुंबई इलाख्यात तेव्हा इंग्रजी शाळेच्या सात इयत्ता असत. मुलगा आधी मराठी शाळेत तीन-चार इयत्ता करून मग ‘इंग्रजी पहिली’त बसे. सातवी इंग्रजी म्हणजे मॅट्रिकचा वर्ग. वरच्या इयत्तांत माध्यम इंग्रजी. मॅट्रिकला इंग्रजी, दुसरी भाषा (पुण्यात बहुतेकांची संस्कृत), गणित, इतिहास-भूगोल आणि थोडे विज्ञान. नापास होणाऱ्यांचे प्रमाण मोठे असे आणि मुले सर्वाधिक अडखळत ती इंग्रजीत. म्हणून शाळेचे यश एका आकड्यात मोजले जाई: यंदा मॅट्रिकला किती बसले, किती पास झाले. दरवर्षीचा हा आकडा वर्तमानपत्रात येई आणि पुढच्या वर्षीचा पट त्यावर ठरे.

दुसरे माप शिष्यवृत्त्यांचे. मॅट्रिकला संस्कृतात वरचा क्रमांक मिळवणाऱ्यांना जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे, आणि पहिल्या काही वर्षांतच ती या शाळेच्या मुलांनी पटकावायला सुरुवात केली. श्रेय मुख्यतः आपट्यांच्या शिकवण्याचे. संस्कृत रचना शिकवताना जी उदाहरणे आणि नियम ते वर्गात वापरत, त्यातून विद्यार्थ्यांसाठीचे त्यांचे संस्कृत रचनेचे पुस्तक झाले. पुढे इंग्रजी-संस्कृत आणि संस्कृत-इंग्रजी कोश झाले. १८९० चा संस्कृत-इंग्रजी कोश आजही वापरात आहे. आगरकरांचे ‘वाक्यमीमांसा’ हे मराठी व्याकरणावरचे पुस्तक याच वातावरणातले. चांगल्या शाळेत पाठ्यपुस्तके वर्गातूनच उगवतात. पण त्या पुस्तकाचे पैसे कोणाचे, शिक्षकाचे की शाळेचे? हा प्रश्न इथे नुसता टाचून ठेवू, पुढे तो लागणार आहे.

वसतिगृह नसल्याचा एक परिणाम असा की शाळेचा मोठा खर्च शहर उचलत होते. कोकणातून, सातारा-सोलापुराकडून आलेला मुलगा नातेवाइकाकडे राहायचा, किंवा चार मुलांत एक खोली घ्यायचा. जेवण खाणावळीत, ते न परवडले तर वार लावून (आठवड्याच्या एकेका वारी एकेका घरी जेवून) किंवा माधुकरी मागून. हे सगळे फीच्या बाहेर होते आणि शाळेच्या कोणत्याही वहीत नोंदले जात नव्हते. मात्र वार आणि माधुकरी ही सोय ब्राह्मण मुलालाच होती. संस्थापक सगळे ब्राह्मण, शिकायला येणारी मुलेही बहुतेक त्याच घरांतली. शाळा कोणाला आत घेत नव्हती, यापेक्षा कोण पुण्यात राहून जेवू शकत होता, यावर पट अधिक ठरत होता.

फी, अनुदान, पगार

खासगी हायस्कुलाला तेव्हा पैसा तीन वाटांनी येई. पहिली फी. दुसरी देणगी. तिसरी सरकारी अनुदान, १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून चालत आलेले. मुंबई इलाख्यात हे अनुदान ‘निकालावर पैसे’ या पद्धतीने मिळे: शिक्षण खात्याचा इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन विषयवार परीक्षा घेई, पास झालेल्या डोक्यांवर ठरलेल्या दराने रक्कम मंजूर होई. ऐकायला हे चोख वाटते. प्रत्यक्षात शाळा वर्षभर इन्स्पेक्टरच्या त्या एका दिवसासाठी घोकंपट्टी करत बसे, अभ्यासक्रम खात्याच्या कोष्टकाबाहेर जात नसे, आणि पुढच्या वर्षीचा अंदाजपत्रकी आकडा आधी कळत नसे. न्यू इंग्लिश स्कूलने सुरुवातीची वर्षे ही तिसरी वाट घेतलीच नाही. देणग्याही तोपर्यंत नावापुरत्या. म्हणजे उरली फी.

फक्त फीवर हायस्कूल चालवायचे तर दोनच उपाय असतात: फी वाढवा किंवा पगार कमी ठेवा. फी वाढवली तर सरकारी हायस्कूल आणि पुण्यातल्या इतर खासगी शाळा समोर आहेतच. शिवाय शिक्षण स्वस्त आणि सुलभ करणे हाच उद्देश सांगितलेला. तेव्हा पगार. संस्थापकांनी सुरुवातीला शाळेला झेपेल तेवढेच घेतले. संस्था रीतसर झाल्यावर आजीव सदस्याचा, म्हणजे संस्थेला वाहून घेतलेल्या शिक्षकाचा, पगार ठरला महिना ७५ रुपये, आणि सोबत प्रत्येकाच्या नावे ३००० रुपयांची आयुर्विम्याची पॉलिसी. त्या बदल्यात वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा.

हे आकडे मांडून पाहू. सात आजीव सदस्यांचा मासिक पगार ५२५ रुपये, वर्षाचा ६३००. पटावर १००९ मुले असताना हा बोजा दर मुलामागे महिन्याला सव्वाआठ आणे पडतो, तोही हे सातही जण फक्त शाळेतच शिकवतात असे धरून. खरे तर १८८५ पासून त्यांच्यातले बहुतेक कॉलेजातही शिकवत होते, म्हणजे शाळेवरचा भार याहून हलका. वीस वर्षांची पूर्ण सेवा म्हणजे एका माणसाला १८,००० रुपये, आणि तो वाटेत गेला तर घरच्यांना चाळीस महिन्यांच्या पगाराएवढी विम्याची रक्कम. सरकारी खात्यात याच पदव्यांना वाढत जाणारा पगार आणि पेन्शन होती. इथे वाढ नव्हती. सदस्याचे वय वाढले, मुले झाली, घरखर्च चढला, तरी आकडा तोच.

दुसरी एक गोष्ट हिशेबातूनच दिसते. हजार मुले म्हणजे चाळिसाची तुकडी धरली तर पंचवीस तुकड्या. सात माणसे पंचवीस तुकड्या घेऊ शकत नाहीत. म्हणजे खरे दैनंदिन अध्यापन मोठ्या प्रमाणात पगारी साहाय्यक शिक्षकांवर होते, ज्यांनी कोणतीही प्रतिज्ञा घेतलेली नव्हती. १८८५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले या शाळेत लागले ते असेच, साहाय्यक म्हणून, महिना ३५ रुपयांवर. वर्षभराने ते आजीव सदस्य झाले. त्याग करणारे सात आणि नोकरी करणारे वीस-पंचवीस, अशी दोन थरांची रचना शाळेत पहिल्यापासून होती. गौरवाच्या कथांत वरचा थरच दिसतो.

१८८२: तीन धक्के

१८८१ च्या जानेवारीत याच मंडळींनी ‘केसरी’ (मराठी) आणि ‘मराठा’ (इंग्रजी) सुरू केले. आर्यभूषण छापखाना आणि किताबखाना हे त्याच उद्योगाचे भाग. शाळा, छापखाना आणि पत्रे यांचे मालक कागदोपत्री वेगळे, माणसे तीच. इथे पहिली गोष्ट बिघडली: पत्राने ओढवून घेतलेले संकट शाळेच्या वेळापत्रकावर येऊन आदळले.

कोल्हापूरच्या छत्रपतींना त्यांचे कारभारी छळतात असा आरोप करणारी पत्रे ‘केसरी’ व ‘मराठा’त छापली गेली. कारभारी माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, पत्रे बनावट ठरली, आणि जुलै १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची साधी कैद झाली. प्रत्यक्षात ते डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. शाळेच्या बाजूने पाहिले तर मॅट्रिकच्या आधीच्या सत्रात गणिताचा मुख्य शिक्षक आणि आणखी एक एम.ए. शिक्षक एकदम गैरहजर. त्याआधी १७ मार्चला चिपळूणकर वारले होते, वय ३२ सुद्धा पुरे नव्हते. म्हणजे चारेक महिन्यांत पाचांपैकी तीन माणसे वर्गाबाहेर.

तरी शाळा बंद पडली नाही, पटही घसरला नाही. कारण सोपे आहे आणि त्यात काही चमत्कार नाही: आपटे जागेवर होते आणि वर्ग त्यांच्या आखणीने चालत होते. खासगी शाळा प्रसिद्ध माणसाच्या नावावर सुरू होते, पण टिकते ती वेळापत्रक सांभाळणाऱ्यावर.

त्याच वर्षी भारतीय शिक्षण आयोग मुंबई इलाख्यात होता. अध्यक्ष सर विल्यम हंटर यांनी शाळा पाहिली आणि सरकारी मदत न घेता ही संस्था सरकारी हायस्कुलांशी बरोबरीने टक्कर देते अशा अर्थाचा खुला गौरव केला. आयोगाला असे उदाहरण हवेच होते. माध्यमिक आणि उच्च शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून ते खासगी हातांत द्यावे, हा विचार त्याच्यापुढे होता आणि पुण्याची ही शाळा ते शक्य असल्याचा चालता-बोलता पुरावा ठरली. आपट्यांनी आयोगापुढे साक्षही दिली.

याच आयोगाला ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यातूनच निवेदन दिले. शेतकऱ्याच्या सारातून गोळा होणारा पैसा वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, तेव्हा सरकारने आधी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे त्यांचे म्हणणे. फुल्यांचा रोख न्यू इंग्लिश स्कूलवर नव्हता, ती सरकारी पैसा घेतच नव्हती. पण दोन्ही कागद शेजारी ठेवले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. फीवर चालणारी स्वस्त शाळा मध्यमवर्गाला कॉलेजपर्यंत नेऊ शकते, गावच्या मुलाला पहिलीत बसवू शकत नाही. आयोगाने पहिली गोष्ट डोळे भरून पाहिली.

शाळेची संस्था होते

२४ ऑक्टोबर १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. पहिल्या आजीव सदस्यांत आपटे, टिळक, आगरकर, नामजोशी, वासुदेव बाळकृष्ण केळकर, महादेव शिवराम गोळे आणि नारायण कृष्ण धारप. १८८५ मध्ये १८६० च्या एकविसाव्या कायद्याखाली (संस्था नोंदणी कायदा) नोंदणी झाली आणि त्याच वर्षी २ जानेवारीला फर्ग्युसन कॉलेज उघडले. नाव तेव्हाचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे, ज्यांनी स्वतः देणगी दिली होती. सुरुवात फक्त प्रीव्हियसच्या, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या, वर्गाने.

शाळेतून कॉलेज काढणे हे दिसते तितके धाडसाचे नव्हते. मॅट्रिकचा वर्ग दरवर्षी मुले बाहेर सोडत होता आणि ती मुले डेक्कन कॉलेजात जात होती, जिथली फी जास्त आणि अंतरही नदीपलीकडचे. म्हणजे कॉलेजचे पहिले विद्यार्थी शाळेने आधीच घडवून ठेवले होते. शिक्षकांचीही तीच गोष्ट: आपटे संस्कृत, टिळक गणित, केळकर इंग्रजी, आगरकर इतिहास व तर्कशास्त्र, गोळे विज्ञान. विद्यापीठाचा अभ्यासक्रम पुरा करणारी फळी, एकही नवी नेमणूक न करता. आपटे पहिले प्राचार्य.

बदलले ते पैशाचे स्वरूप. कॉलेज फीवर चालत नाही. नामजोशी दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानांमधून हिंडले. संस्थानिक आणि सरदार आश्रयदाते झाले, आणि कोल्हापूरचे छत्रपती पुढे सोसायटीचे अध्यक्ष म्हणून राहिले. ज्या दरबारच्या खटल्यात दोन संस्थापक तुरुंगात गेले, त्याच दरबारचा आधार! सरकारी अनुदानही संस्थेने पुढे घेतले. नियामक मंडळात आता आजीव सदस्यांबरोबर बाहेरचे प्रतिष्ठित आले. पूर्वी संध्याकाळी चार माणसांनी बसून ठरवायच्या गोष्टी ठरावांनी, सूचक-अनुमोदकांनी आणि मतांनी ठरू लागल्या. मतभेद बहुमताने मिटवायची सवय लागली की अल्पमतातला माणूस प्रत्येक ठरावाची नोंद मनात ठेवतो.

नियमातली फट

प्रतिज्ञेत वीस वर्षे होती, पगार होता, विमा होता. एक गोष्ट पुरेशी नेमकी लिहिलेली नव्हती: आजीव सदस्याचा शाळेबाहेरचा वेळ कोणाचा आणि त्या वेळात मिळवलेला पैसा कोणाचा?

टिळकांचे उत्तर ठाम होते. आजीव सदस्य जेझुइट पाद्र्यासारखा असावा. त्याने आपली सगळी शक्ती संस्थेला दिली आहे, तेव्हा बाहेरचे मोबदल्याचे काम त्याने घेऊ नये, आणि बाहेर काही मिळालेच तर ते संस्थेचे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की ७५ रुपये हे पोटापुरते आहेत, वाढ नाही, तेव्हा वर्गातले काम चोख केल्यावर उरलेल्या वेळेत माणसाने काय करावे हा त्याचा प्रश्न. आगरकर या बाजूला होते. त्यांना दम्याचा विकार होता, संसार होता, आणि गरिबी म्हणजे काय हे त्यांना टेंभू या आपल्या जन्मगावापासूनच ठाऊक होते.

दोन्ही बाजू आपापल्या जागी सुसंगत आहेत, आणि अडचण तीच आहे. टिळकांच्या नियमाने आपट्यांचा कोश, आगरकरांचे व्याकरण, पाठ्यपुस्तके हे सगळेच संशयित ठरते, आणि ‘केसरी’ही. दुसऱ्या बाजूच्या नियमाने वीस वर्षांची प्रतिज्ञा पोकळ होते, कारण नेमक्या हुशार माणसालाच बाहेरचे काम जास्त मिळते आणि संस्थेला त्याचा उरलेला वेळ. पगारवाढीचे प्रस्ताव आले तेव्हा टिळकांनी विरोध केला. ७५ हा आकडा बदलला तर त्यागाचे तत्त्व जाऊन साधा नोकरीचा करार उरेल, अशी त्यांची भीती. ती अवास्तव नव्हती. पण पगार गोठवायचा आणि बाहेरची कमाईही बंद, या दोन अटी एकाच वेळी वीस वर्षे पाळायला लावायच्या असतील, तर त्या पहिल्या दिवशी कागदावर असायला हव्या होत्या. पाच वर्षांनी, मतदानाने, त्या लादता येत नाहीत.

दरम्यान पत्रांत फूट पडली होती. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’चे संपादकत्व सोडले. १८८८ च्या ऑक्टोबरात ‘सुधारक’ निघाला आणि त्याची इंग्रजी बाजू गोखल्यांनी काही काळ सांभाळली. आता एकाच शिक्षकखोलीतली माणसे आठवड्यातून एकदा एकमेकांवर छापील टीका करत होती. इथे सुधारणेचा वाद खरोखर आत शिरला, आणि नियमावरचा मतभेद व्यक्तींवरच्या रोषात मिसळला. मुले पत्रे वाचतच होती.

शेवटचा धागा तुटला तो गोखल्यांवरून. १८९० मध्ये ते सार्वजनिक सभा या पुण्यातल्या राजकीय संस्थेचे चिटणीस झाले. टिळकांच्या दृष्टीने हा बाहेरच्या कामाच्या तत्त्वाचा सरळ भंग होता. मंडळाचे बहुमत दुसरीकडे होते. ऑक्टोबर १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरात कारणांचे लांबलचक पत्र. त्या पत्रात सुधारणेच्या वादापेक्षा वेळ, वेतन आणि बाहेरची मिळकत यांचीच चर्चा कितीतरी अधिक आहे.

नंतर

टिळक बाहेर पडले आणि त्यांच्या मताप्रमाणे जे आत राहून करता येत नव्हते ते त्यांनी बाहेर केले: कायद्याचा वर्ग चालवला, लातुरात सरकी काढण्याच्या कारखान्यात भाग घेतला, आणि १८९१ मध्ये दोन्ही पत्रे कर्जासकट स्वतःकडे घेतली. एका अर्थी हे त्यांच्या नियमाशी सुसंगतच होते. बाहेरचा उद्योग करायचा तर आत राहायचे नाही.

संस्थेपुढचा तातडीचा प्रश्न मात्र साधा होता: कॉलेजला गणित कोण शिकवणार? १८९१ च्या अखेरीस धोंडो केशव कर्वे त्या जागेवर आले. पुढे विधवांसाठीचा आश्रम उभा करताना ते आजीव सदस्य होते आणि कॉलेजातले तास घेऊन हिंगण्याला चालत जात. बाहेरचे काम एवढे मोठे, तरी कोणी हरकत घेतली नाही. त्यातून त्यांना स्वतःला काही मिळत नव्हते, उलट जात होते. वेळेपेक्षा पैशावर बोट ठेवणारा हा न लिहिलेला नियम प्रत्यक्षात पुढे बरीच वर्षे चालला.

विम्याची ती ३००० रुपयांची पॉलिसी शोभेची नव्हती, हेही लवकरच दिसले. आपटे १८९२ मध्ये वारले, वय ३४. त्यांच्यानंतर प्राचार्य झालेले आगरकर १८९५ मध्ये, वय ३८. चिपळूणकर धरले तर पहिल्या पाच जणांतले तिघे चाळिशीच्या आत. वीस वर्षांची प्रतिज्ञा करवून घेणारी संस्था अशा माणसांच्या हिशेबावर उभी होती ज्यांतले बरेच वीस वर्षे जगलेच नाहीत. अशा रचनेत दोन पिढ्यांची भरती एकाच वेळी चालू ठेवावी लागते, आणि सोसायटीने ती ठेवली: गोळे १८९५ मध्ये प्राचार्य झाले, गोखल्यांनी आपला काळ पुरा करून १९०२ मध्ये निवृत्ती घेतली.

आजीव सदस्याची पद्धत इतरांनी उचलली. गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला तेव्हा सदस्याची प्रतिज्ञा आणि निर्वाहापुरते वेतन हाच साचा होता, फक्त या वेळी बाहेरच्या कमाईबद्दलची अट प्रतिज्ञेतच स्पष्ट होती. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत ‘आजीव सेवक’ हे पद आले ते याच परंपरेतून, पण मुले वेगळी: खेड्यातली, बहुजनांची. आणि तिथे वसतिगृह आधी आले, शाळा नंतर. मुलगा जेवणार कुठे, या प्रश्नाला पुण्याच्या दिवसाच्या शाळेने हात घातला नव्हता.

न्यू इंग्लिश स्कूल शनिवार पेठेत रमणबागेत आजही भरते. कॉलेज १८९५ मध्ये चतुःशृंगीच्या बाजूच्या स्वतःच्या इमारतीत गेले. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले, म्हणजे गणितात पहिले आलेले, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे विलायतेला जाण्याआधीच सोसायटीशी बांधले गेले होते. परत आल्यावर ते त्याच आजीव सदस्याच्या वेतनावर रुजू झाले, आणि १९०२ मध्ये प्राचार्यही.